ॲप हेही दुकानच आहे



आपल्याकडे स्थळ सांगताना ‘मुलाचं किराणा दुकान आहे’ म्हटलं की लगेच पुढचे प्रश्न येतात. दुकान कुठे आहे, जागा स्वतःची की भाड्याची, उधारी किती अडकली आहे. ‘मुलगी घरून मोबाईलची ॲप बनवते’ म्हटलं की मात्र प्रश्नच येत नाहीत. समोरची बाई मान हलवते आणि विषय स्वयंपाकावर जातो. काही घरांत तर लग्न झाल्यावर त्याच मुलीला ऐकावं लागतं, ‘दिवसभर मोबाईल घेऊन बसते.’

माझं मत सांगते. ॲप बनवून ते स्वतः विकणं हे दुकान चालवणंच आहे. त्याला भांडवल लागतं, माल लागतो, गिऱ्हाईक लागतं, आणि पहिली एक-दोन वर्षं गल्ला रिकामा असू शकतो. आपली माणसं चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, वडसा, गडचिरोलीत कापड, किराणा, धान्याचा धंदा करत आली. दुकान बसायला किती दिवस लागतात हे आपल्याइतकं कोणाला माहीत? तीच समज घरातल्या सुनेच्या आणि लेकीच्या कामाला आपण का लावत नाही, हा माझा प्रश्न आहे.

मी बी.कॉम. झाले तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. शिकलेल्या बाईपुढे तेव्हा शिक्षिका, बँक किंवा घर असे तीनच रस्ते होते. आज चंद्रपुरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, मुली शिकून तयार होतात. पण जिल्ह्यात काम कशाचं आहे? कोळशाच्या खाणी, २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, सिमेंट, बल्लारपूरचा कागद कारखाना. गडचिरोलीत सुमारे तीन चतुर्थांश भूमी जंगलाची, आणि आता सुरजागडचं लोखंड. संगणक शिकलेल्या मुलीला यात जागा कुठे? ती पुणे, नागपूर, हैदराबाद गाठते. लग्न होऊन इकडे आली तर बहुतेक वेळा शिक्षण कपाटात जातं.

ॲपचं काम मात्र इथे बसून होतं. ते कुठे बनवलं, हे गिऱ्हाईक विचारत नाही. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

भांडवल किती लागतं ते आधी बघू. अँड्रॉइड फोनसाठी ॲप विकायचं तर गूगलच्या प्ले स्टोअरवर एकदाच २५ डॉलर भरून खातं उघडावं लागतं. हे दोन हजारांच्या थोडे वर रुपये झाले. आयफोनसाठी ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात आणि काम करायला त्यांचाच संगणक लागतो, म्हणून आपल्याकडच्या मुली अँड्रॉइडपासून सुरुवात करतात ते बरोबरच आहे. बाकी एक बरा लॅपटॉप आणि इंटरनेट. भिशीच्या एका हप्त्यात खातं उघडून होतं.

कमी भांडवलाला हसू नका. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचं पुढे लिज्जत झालं. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पैसे देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या होत्या: मालाचा दर्जा एकसारखा ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. ॲपलाही नेमकं हेच लागतं.

आता माझ्या पुतणसुनेचं सांगते. ती पुण्यात कंपनीत होती. लग्नानंतर चंद्रपूरला आली, मूल झालं, नोकरी सुटली. तिने घरातलीच एक अडचण हेरली. दूध, पेपर आणि धुण्याभांड्यांची बाई यांचे खाडे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडतो, आणि महिनाअखेरीला अर्धे विसरतो. तिने खाडे मांडायचं मराठी ॲप केलं. दिवसावर बोट ठेवलं की खाडा लागतो, महिन्याचा हिशेब आपोआप निघतो. एवढंच.

ते बाजारात आणताना एक नियम आडवा आला. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलची अट आहे की ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक माणसांनी ते सलग १४ दिवस आपल्या फोनवर ठेवून वापरून बघायचं. आधी ही संख्या २० होती, नंतर १२ केली. शहरातल्या मुलाला बारा मित्र चुटकीसरशी मिळतात. हिला कोण मिळणार? आमच्या महिला मंडळातल्या बाराजणी मिळाल्या! एकीने सांगितलं, अक्षरं बारीक आहेत, चष्म्याशिवाय दिसत नाहीत. दुसरी म्हणाली, सणाला मी पाव लिटर जास्त घेते, ते कुठे लिहू? तिसरी म्हणाली, आमच्या दूधवाल्याला वाचता येत नाही, हिशेब बोलून दाखव. पुतणसुनेने तिन्ही सुधारणा केल्या. पगारी तपासनीस ठेवला असता तरी हे तिला कळलं नसतं, कारण तो घर चालवत नाही. पन्नाशी-साठीच्या आपल्यासारख्या बायका या धंद्यात काय कामाच्या, असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.

आता कमाई. इथे मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण ‘घरबसल्या ॲप बनवा, महिन्याला लाख कमवा’ असे व्हिडिओ आणि हजारो रुपये फीचे क्लास यांचा सुळसुळाट झाला आहे.

पैसे मुख्यतः दोन वाटांनी येतात, जाहिरातीतून किंवा विक्रीतून. जाहिरातीचा हिशेब करून बघा. समजा हजार वेळा जाहिरात दिसली की २० रुपये मिळतात. रोज ५०० बायका ॲप दोनदा उघडतात, म्हणजे रोज हजार वेळा जाहिरात दिसली. रोजचे २० रुपये, महिन्याचे ६००, वर्षाचे ७,२००. त्यात गूगलची जाहिरात सेवा १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. या वेगाने १०० डॉलर जमायला वर्षाच्या वर वेळ लागेल. मध्ये एक टप्पा येतो: १० डॉलर झाले की पत्ता खरा आहे का हे तपासायला पोस्टाने पत्र येतं, त्यातला आकडा भरावा लागतो. म्हणजे संगणकाचा धंदा असला तरी पोस्टमनची वाट बघणं चुकलेलं नाही.

आता विक्री. त्याच ५०० मधल्या ३०० जणींनी वर्षाला ९९ रुपये दिले, असं धरा. २९,७०० झाले. स्टोअरचा १५ टक्के वाटा ४,४५५. हातात २५,२४५. जाहिरातीच्या साडेतीन पट, आणि स्क्रीनवर कोणाची जाहिरात नाही.

पण हे सगळं उत्पन्न झालं, नफा नव्हे. लॅपटॉप ५० हजारांचा आणि चार वर्षं टिकणारा धरला तर वर्षाचा घसारा १२,५००. इंटरनेट महिन्याला ५००, वर्षाचे ६,०००. उरले ६,७४५. महिन्याला साडेपाचशेच्या जरा वर! इथे बरीच घरं म्हणतात, ‘एवढ्यासाठी एवढी डोकेफोड?’ आणि दुकान बंद करायला लावतात.

त्यांनी पुढची ओळ मांडून बघावी. ३०० च्या १,५०० गिऱ्हाइकं झाली, तर विक्री १,४८,५००, स्टोअरचा वाटा २२,२७५, आणि घसारा-इंटरनेट तेच १८,५००. उरले १,०७,७२५. गिऱ्हाईक पाचपट, नफा जवळपास सोळापट. किराणा दुकानात पाचपट साखर विकायची तर आधी पाचपट साखर भरावी लागते. इथे माल एकदाच बनवायचा, मग दुरुस्त करत राहायचं. म्हणून या धंद्यात सुरुवात फार हळू असते, आणि म्हणूनच सहा महिन्यांत निकाल मागणं चुकीचं आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: १,५०० गिऱ्हाइकं मिळतीलच याची हमी कोणी देत नाही. कित्येक ॲप शे-दोनशे फोनांपलीकडे जातच नाहीत. घर चालवायला दुसरं उत्पन्न असेल तरच सुरुवातीची वर्षं यात घालावीत.

पुतणसुनेचे आकडे तिचे आहेत, ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की दोन वर्षांनंतर त्यातून घरचं वीजबिल आणि मुलाची शाळेची फी निघते. आणि ते ॲप बघून एका धान्य व्यापाऱ्याने तिला आपल्या दुकानाचं काम दिलं, ते वेगळं. गावात बसून काम करणारीला असं पायरीपायरीनेच मिळतं.

स्टोअरचा वाटा म्हणाले, त्याबद्दल थोडं. आपल्या भागातल्या माणसाला जंगलाचा नाका माहीत असतो. माल तुमचा, मेहनत तुमची, पण वाहतूक पास नाही तर गाडी पुढे जात नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला पास वनखात्याचाच लागत होता. गावाने चिकाटी सोडली नाही. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मालकी आणि नाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेंढ्याने आपल्याला दाखवलं.

ॲपच्या बाजारात नाके दोनच, गूगलचा आणि ॲपलचा. दोघांचा दर अनेक वर्षं ३० टक्के होता. मग छोट्यांसाठी १५ टक्के केला. ॲपलने १ जानेवारी २०२१ पासून, गूगलने १ जुलै २०२१ पासून, वर्षाच्या दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईवर. आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या अटींवरून गूगलला ९३६ कोटींचा दंड लावला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो सुमारे २१७ कोटींवर आला. मोठ्यांचं भांडण चालू राहील. आपल्या मुलींनी यातून घ्यायचं ते एवढंच की सगळा धंदा एका नाक्यावर टाकू नये. गिऱ्हाइकाशी थेट ओळख ठेवावी, एखाद-दुसरं काम गावातल्या दुकानदारांचं, शाळांचं थेट घ्यावं, आणि आपल्या कामाची प्रत नेहमी आपल्याजवळ ठेवावी.

हिशेबाच्या चार गोष्टी कॉमर्सवाली म्हणून सांगते. पहिली, ॲपच्या पैशासाठी तिच्या एकटीच्या नावाचं वेगळं बँक खातं असावं. नवऱ्याच्या फर्मच्या खात्यात ते पैसे मिसळले की ॲप चाललं की नाही हे कोणालाच कळत नाही, आणि तिची कमाई दिसेनाशी होते. दुसरी, रोज किती तास काम केलं तेही वहीत लिहावं. वेळ हेच या धंद्यातलं सगळ्यात मोठं भांडवल आहे. तिसरी, मिळकत थोडी असली तरी विवरणपत्र तिच्या नावाने भरावं. उद्या कर्ज घ्यायचं झालं तर तोच कागद उपयोगी पडतो. चौथी, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नसते, पण स्टोअरमार्फत विक्री आणि परदेशातून येणारे डॉलर यांचे नियम वेगळे आहेत. त्यासाठी सीएकडे एकदा जाऊन यावं. जाऊबाईंच्या भावाला विचारून भागवू नये.

आता काय विकावं आणि काय विकू नये. श्रावकाला पंधरा कर्मादानं वर्ज्य सांगितली आहेत. त्यातली पहिली दोन अंगारकर्म आणि वनकर्म, म्हणजे कोळसे पाडणं आणि जंगल तोडून विकणं. चंद्रपूर-गडचिरोलीत राहून हे वाचताना आपण जरा थांबतोच, कारण इथला निम्मा व्यापार त्याच्याच आसपासचा. त्या मानाने ॲपचा धंदा फार कमी आरंभाचा वाटतो. झाड पडत नाही, जीव मरत नाही. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. गरजूला कर्ज देऊन त्याच्या फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना धमक्या देणारी ॲप कोणीतरी बनवलीच ना? त्यांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढावे लागले. पैसे लावून खेळायच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. तोवर ते खेळ उघड चालू होते आणि त्यांच्या जाहिरातींचा पैसा छोट्या ॲपवाल्यांनाही मिळत होता.

व्हिएतनामच्या डोंग न्गुयेन या तरुणाचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्याने एकट्याने ‘फ्लॅपी बर्ड’ नावाचा साधा खेळ केला. २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर पसरला, आणि जाहिरातींतून दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळत असल्याचं त्या वेळी छापून आलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने तो खेळ स्वतःहून काढून घेतला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय, हे त्याने कारण सांगितलं. तो काही आपला धर्म पाळणारा नव्हता. पण मालाने घेणाऱ्याचं काय होतं, याचा विचार त्याने केला आणि चालता गल्ला बंद केला. आपल्या मुलींनी निदान सुरुवातीलाच तीन गोष्टी ठरवाव्यात: जुगाराची आणि कर्जाची जाहिरात आपल्या ॲपवर येऊ द्यायची नाही (तशी वर्गवारी बंद करण्याची सोय असते), लागत नाही ती माहिती आणि फोनमधले नंबर मागायचे नाहीत, आणि दुसऱ्याचं ॲप नाव बदलून आपलं म्हणून लावायचं नाही. आपल्या घरात जे चालणार नाही, ते दुसऱ्याच्या घरात का पाठवायचं?

काहीजणी म्हणतील, हे तरुणांचं काम. जपानच्या मासाको वाकामिया बँकेतून निवृत्त झाल्या होत्या. वयस्कर माणसांना खेळता येईल असा खेळच नाही म्हणून २०१७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी स्वतः शिकून आयफोनसाठी बाहुल्या मांडण्याचा खेळ केला. ॲपलने त्यांना आपल्या अमेरिकेतल्या संमेलनाला बोलावलं. आपण सगळ्याजणींनी तसं करावं असं मी म्हणत नाही. पण घरातली मुलगी करते आहे तेव्हा ‘आपल्याला त्यातलं काय कळतं’ म्हणून बाजूला होऊ नका.

‘मग मुलाकडे कोण बघणार?’ हा प्रश्न मी बऱ्याच घरांत ऐकला. मुलगा दुकानात गेला की हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तो घराबाहेर जातो. सून घरातच असते, म्हणून कुकरची शिट्टी, दारावरची बेल, सासऱ्यांचा चहा, सगळं तिच्याच वाट्याला. लिहिता लिहिता मध्ये उठलं की तो धागा पुन्हा हाती लागायला अर्धा तास जातो, असं पुतणसून सांगते. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, दुपारी एक ते चार नातवाला स्वतःकडे घेतलं आणि खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं. लॅपटॉपपेक्षाही त्या तीन तासांचं मोल जास्त आहे असं मी मानते, आणि त्याला पैसा लागला नाही.

म्हणून ज्यांच्या घरात अशी सून किंवा लेक आहे त्यांना माझं सांगणं आहे. तिला रोज तीन तास द्या आणि त्या वेळेत हाक मारू नका. तिच्या नावाचं खातं उघडा. दोन वर्षं थांबा, आणि दर तीन महिन्यांनी तिच्यासोबत बसून वही बघा, जशी दुकानाची बघता तशी. दोन वर्षांनी नाही चाललं तर तिनेच ठरवावं की बंद करायचं की दुसरा माल आणायचा. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. आणि तिचं ॲप तपासायला बाराजणी हव्या असतील तर आपल्या मंडळात सांगा. फोन तर आपल्या सगळ्यांकडेच आहे, चौदा दिवस वापरून बघायला काय जातं?